नंबर चारशे सतरा

मे महिन्यात आम्ही लारिसातल्या घरांच्या फरश्या उघड्या पाडतो.
गालिचे गुंडाळतो, दोरी आवळतो,
पत्र्याचा बिल्ला अडकवून व्हॅनमध्ये टाकतो.
धुतलेले, वाळलेले, उन्हाळाभर ते गोदामात उभे असतात
भिंतीला टेकून,
लग्नात जेवण लांबलेल्या जाड्या पाहुण्यांसारखे.
ऑक्टोबरात पहाटे पायांना फरशी चावली
की फोन खणखणतो: आणा.

चारशे सतरा एव्हान्थियाबाईंचा.
फ्लोकाती. वाळल्या मिरचीसारखा तांबडा,
लोकर चार बोटं लांब.
झीसिस म्हणतो, गालिचा कसला, झोपलेलं जनावर,
खांद्यावर घेतलं की मानेवर श्वास सोडतं.

बाईंनीच विणला, लग्नाच्या आधी, डोंगरातल्या गावी.
मग ओढ्याच्या धारेखाली, लाकडी पिंपात
तीन दिवस तीन रात्री घुसळला,
तेव्हा कुठे धाग्याचा पीळ सुटला, लोकर फुलली.
हे त्या दर वर्षी जिन्यात सांगतात.
मी दर वर्षी पहिल्यांदाच ऐकतो.

जुन्या घरी, चौथ्या मजल्यावर,
अखिलेअस खुर्चीतून हात हलवायचे:
उलटा टाकलात, लव खिडकीकडे हवी.
बाई म्हणायच्या, दाराकडे.
आम्ही तो बैलासारखा फिरवायचो, पुन्हा फिरवायचो.
कॉफी निवायची. दोघांचं काही निवायचं नाही.

या वर्षी पत्ता नवा.
तळमजला, एक खोली, मागे कडू संत्र्याचं झाड.
बिलावर नाव अजून अखिलेअस यांचंच;
वहीत कुणी खोडलं नव्हतं, मीही नाही.
मी टेप लावला.
खोली तीन मीटर बाय अडीच.
गालिचा चार बाय तीन.

झीसिस म्हणाला, कापू या की.
कडा शिवून देतो, तासाभराचं काम.
बाई गुडघ्यांवर बसल्या, लोकरीत हात घातला.
कुठून कापशील?
इथे त्यांची सिगारेट पडली होती, बघ, टक्कल.
इथे पोरगा पहिल्यांदा उभा राहिला आणि बसला.
मी दुसऱ्या कोपऱ्याकडे बोट केलं. आणि इथे?
इथे काहीच झालं नाही, त्या म्हणाल्या.
मला सगळ्यांत जास्त हाच भाग आवडतो.

मग आम्ही तो तसाच सोडला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
इथे अंथरुणानेच पाय पसरले.
सोफ्याखालून गेला, भिंत आली तर भिंतीवर चढला,
पलंगावर एक बाही टाकली,
कपाटाचा खालचा खण कायमचा बंद केला.
टेबल पोटरीपर्यंत बुडालं.
बाईंनी पडदे काढून ठेवले, फुलदाणी बाहेर ठेवली,
लग्नाचा फोटो तेवढा वर सरकवला, लोकर नाकात जाऊ नये म्हणून.
खोलीत गालिचा नव्हता आता.
गालिच्यात एक खोली ठेवलेली होती.

सवयीने मी विचारलं, लव कुठल्या बाजूला?
त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.
दोन्ही एकाच भिंतीत.
बघा, भांडायलासुद्धा जागा दिली नाही, म्हणाल्या,
आणि हसल्या, अगदी मोठ्याने,
मग नाक पुसायला आत गेल्या. आत म्हणजे मोरीत.
आत दुसरं काही नव्हतंच.

धुताना सापडतं ते आम्ही पाकिटात घालून परत करतो.
त्यांच्या पाकिटात दोन नाणी, पिस्त्याचं टरफल,
आणि शर्टाचं एक बटण, चार भोकांचं, करडं.
नाणी झीसिसच्या खिशात कोंबली.
टरफल खिडकीतून झाडाखाली.
बटण दोन बोटांत धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या,
वाकल्या,
आणि लोकर बाजूला सारून खोल खुपसून दिलं,
भुईत लसणाची पाकळी लावावी तसं.

मी पावती फाडली, बूट शोधले.
मेमध्ये ते माझ्याच हाताला लागणार.
पाकिटावर मी पुन्हा लिहीन: चारशे सतरा.