शून्य ते तीन

सिग्वातुर टोपी काढत नाही.
खुर्चीच्या अगदी कडेला बसतो, दाराकडे तोंड करून.
पायात बंदरावरचे रबरी बूट,
रेक्याविकमधल्या माझ्या गालिच्यावर परके.

गेल्या दोन आठवड्यांत, मी वाचते,
कशातच मन लागलं नाही, असं कितीदा झालं?
शून्य म्हणजे कधीच नाही, तीन म्हणजे जवळजवळ रोज.
तो विचारतो, कशात लावायचं होतं?
जाळी गावात राहिली. बोट परक्या धक्क्याला.
मेंढ्या चुलतभावाकडे,
त्या आता हाकेला मान वर करत नाहीत.
मी तीनवर खूण करते आणि पेन तिथेच रेंगाळतं:
हा आकडा त्याचा, की त्याच्या गावाचा?

झोप?
येते. बूट घालून झोपतो.
त्या रात्री मिनिटामिनिटाला फडताळातल्या बश्या वाजत होत्या.
पायाखालची जमीन सरकली असं लोक नुसतं म्हणतात, तो म्हणाला,
आमची मोजून सव्वा मीटर खचली.

रेडिओ अजून दर तासाला सांगतो
जमीन किती मिलिमीटर फुगली ते.
त्यांच्याकडे उपग्रह आहेत, माळावर रोवलेली यंत्रं आहेत.
माझ्याकडे नऊ प्रश्न, चार आकडे,
आणि थायरॉईडचा रिपोर्ट, जो निर्दोष आहे.

तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी फाइलवर लिहिलंय:
परिस्थितीमुळे. असं झाल्यावर कुणालाही वाटेल.
अक्षर घाईचं, माणूस भला असावा.
मीही तसंच लिहिलं असतं.
मी तर थर्मास घेऊन ती लाल धार बघायला गेले होते,
डोंगराच्या अलीकडून, भावाच्या मुलांसोबत,
आणि फोटो चांगले आले होते.

स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण कुणाला तरी तोंडघशी पाडलं असं वाटणं?
इथे तो पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.
घरात जाऊन सामान आणायला पाच मिनिटं दिली होती, तो सांगतो.
आल्दानं कागदावर लिहून दिलं होतं: आईचा चांदीचा पट्टा,
मुलांचे फोटो, शिलाईचं मशिन.
मी बटाटे आणले.
अख्खं पोतं. का, ते मला विचारू नका.
ती काही बोलली नाही. अजून बोललेली नाही.
सिंकखाली त्यांना वीतभर कोंब आलेत,
ती रोज त्यांच्यावरून हात घालून साबण काढते.

हाड का मोडलं हे ठाऊक असलं
तरी प्लास्टर घालावंच लागतं, मी म्हणते.
हे वाक्य मी गाडी चालवताना पाठ केलं होतं.
तो मान हलवतो, एखाद्या पोराचं मन राखावं तशी.

शेवटचा प्रश्न मी कागदाकडे न बघता विचारते.
मेलेलं बरं, असं कधी?
नाही.
इतकं लवकर, की मी शून्य लिहिते
आणि त्या शून्यावर पेन दोनदा फिरतं.

एकूण सतरा.
मग मी त्या आजाराचं नाव घेते.
आमच्या भाषेत त्याचा अर्थ होतो जडमनाचा.
जड? सिग्वातुर म्हणतो. नाही हो.
शाळेपुढच्या रस्त्याला भेग पडली
तेव्हा बुजवायला ट्रकभर खडी ओतली लोकांनी.
मी तिथे उभा होतो.
ती तळाला पोचल्याचा आवाज
आला नाही.

मी गोळ्यांचं लिहून देते, पुढच्या गुरुवारची वेळ देते,
सांगते की आल्दालाही आणा.
तो उठतो, दारापर्यंत जातो, मूठ कडीवर ठेवतो,
आणि तसाच उभा राहतो, बराच वेळ, जणू घरात कुणी झोपलंय.
मग मागे येतो. पेन मागतो.
कागद स्वतःकडे वळवून
माझं शून्य खोडतो
आणि जाळी सांधणाऱ्या त्या जाडजूड बोटांनी
शेजारी एक काढतो,
सरळ, लहानसा.

अठरा.

मी बाहेर जाऊन बाकावरच्या बाईंना सांगते
की आज थोडं थांबावं लागेल.
परत येते तेव्हा टोपी त्याच्या गुडघ्यावर आहे.