टॉस पॅडसाठी

आमच्या लीगमध्ये टॉस बाजूसाठी नसतो,
पॅडसाठी असतो.

गोलकीपरचे पोशाख दोनच.
एक खरा : रिगझिनने लेहहून आणलेला, तिसऱ्या हातचा,
डाव्या गुडघ्यावर कुणाचंतरी नाव खरवडून काढलेलं.
दुसरा तुर्भ्याच्या गादीवाल्याने शिवलेला,
आत फोम, वर रेक्झिन,
रेक्झिनवर बशीएवढी गुलाबाची फुलं,
कारण त्याच्याकडे तेवढाच तागा उरला होता.

चार कॉलेजं. ऐरोली, वाशी, खारघर आणि आम्ही, बेलापूर.
मुलं-मुली एकत्र, कारण वेगळे संघ करायला माणसं नाहीत.
क्रीडा विभागाने अर्ज परत पाठवला, लाल शाईत शेरा :
खेळ यादीत नाही. हॉकीत विलीन व्हावे.
आम्ही झालो नाही.

रात्री साडेदहाला मॉलचं शटर अर्धं उतरतं
आणि आम्ही वाकून आत शिरतो.
तिसऱ्या मजल्यावर फूडकोर्टचे तवे अजून निवायचे असतात.
बर्फ केवढा? लग्नाच्या हॉलमधल्या स्टेजच्या दुप्पट.
मधोमध खांब, त्याला गादी गुंडाळलेली.
खांब कुणाच्याच बाजूने नाही,
तरी या मोसमात दोन गोल त्याच्या नावावर आहेत.

बाबा दिवाळे गावच्या बर्फाच्या कारखान्यात, बावीस वर्षं.
लादी आकड्याने ओढायची, फोडायची, होडीत भरायची.
त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे वजन आणि घाई.
मी सांगितलं होतं, बर्फावर खेळते.
म्हणाले, घसरशील.
म्हटलं, तोच खेळ आहे.

काल आले. पहिल्यांदाच.
काचेला कपाळ टेकवून बराच वेळ बघत राहिले,
मग रखवालदाराला हळूच विचारलं,
“एवरा बरफ. न मावरा कुठं हाय?”

टॉस मी हरले. गुलाब माझ्याकडे.
पहिल्या अर्ध्यात तीन गोल खाल्ले,
दोन पायांमधून, एक खांबावरून.
मध्यंतरात ऐरोलीची साजिरी वैती आणि मी
जमिनीवर बसून एकमेकींचे पट्टे सोडत होतो.
खऱ्या पॅडमध्ये तिचा घाम अजून कोमट होता.
“डावं बकल चावतं,” ती म्हणाली, “सांभाळ.”

मग काहीच आत गेलं नाही.
मी बरी खेळले असं म्हणायला आवडेल,
पण फूडकोर्टकडचा कोपरा पाझरायला लागला होता.
शेवटच्या मिनिटाला त्यांचा एक फटका
मला चकवून, सावकाश, रेषेकडे निघाला
आणि वीतभर अलीकडे पाण्यात बसला.
सगळे उभे राहून त्याच्याकडे बघत होते.
मीसुद्धा.

तीन-एक. हरलोच.

फरशी पुसणाऱ्या मावश्या बादल्या घेऊन आल्या
तेव्हा बाबा चपला काढून बर्फावर उतरले.
मला वाटलं, आता पडतात.
ते त्या कोपऱ्यात उकिडवे बसले
आणि बोटाच्या पेराने ठोकून बघायला लागले,
बाजारात कलिंगड ठोकतात तसं.
“पोकळ वाजतंय. खाली हवा धरलीय.”
रिगझिन, जो गावच्या गोठलेल्या तळ्यावर चालायला शिकला,
समोरून वाकला आणि त्याने सरळ कान टेकवला.
मग बाबांनीही.
एकाची मराठी तुटकी, एकाची हिंदी त्याहून,
दोघे बर्फावर कान लावून, रात्री पावणेबाराला, वाशीत.
मी पॅड काढायचं विसरले.

आज सकाळी स्कूटरच्या पुढ्यात
चार गोणपाटं आणि एक पोतं भुसा बांधलेला.
कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.

शनिवारी खारघर.
त्यांचा गोलकीपर सहा फूट दोन इंच.
गुलाब त्याच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचत नाहीत.