चौसष्ट किलोबाइट

सांगलीत, हळदीच्या पेठेत, मगदुमांच्या पेढीवर
एक संगणक आहे.
तो बनवणारी कंपनी बुडाली, तिचा फोन आता
मोबाइलची कव्हरं विकणारा मुलगा उचलतो.
संगणक मात्र चालतो.
मीच त्यावर आमची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम घातली होती,
जरा फुशारकीनं.

दुपारी भरमाण्णा डुलकी काढतात, त्यालाही झोपवतात.
तीनला दोघं उठतात
आणि पट्टीत राजापुरीची बावीस पोती
दोनशे अठ्ठ्याहत्तर झालेली असतात.
तय्यबभाईंनी थप्पी पुन्हा मोजली. बावीसच.
दिवाणजी चष्मा पुसत म्हणाले,
"बाहेरचं काही असेल."

मी वजाबाकी केली.
दोनशे छप्पन. बरोब्बर दोनशे छप्पन.
बाहेरचं इतकं नेमकं नसतं.
हे खालचं होतं.

पंधरा दिवस बसले तिथं, की-बोर्ड पिवळा होईपर्यंत.
चालू होताना फर्मवेअर एक नकाशा हाती देतं :
इथून इथवर मोकळं,
इथं माझं सामान आहे, हात लावू नको.
आपण विश्वास ठेवतो. न ठेवून सांगता कुणाला?
आपल्याआधी जागं झालेलं तेवढंच एक असतं.
मोकळ्या म्हटलेल्या जागेत मी पोती मांडली,
आणि झोपेतून उठताना ते
(दुष्ट नव्हे, फक्त जागा देऊन टाकल्याचं विसरलेलं)
जुन्या सवयीनं आलं
आणि बावीसच्या शेजारच्या घरात
एक ठेवून गेलं.
एवढंच. एक.

भरमाण्णांना सांगितलं,
नकाशात मोकळं लिहिलंय, पण मोकळं नाही.
ते हसले. "नकाशात आमचा तळमजलाबी
कोरडाच हाय की."
"मग ऑगस्टात तिथं काय ठेवता?"
"काय न्हाई. पोती वर घेतो.
आली तर येऊंदे की तिला. कुणावर फिर्याद करतीस?"

त्याच संध्याकाळी लिहिलं :
सुरुवातीची चौसष्ट किलोबाइट
कुणालाही द्यायची नाहीत.
एकाच घरानं भागलं असतं,
पण सवयीचा पाय किती लांब पडेल ते कुणी मोजलंय?
तीन ओळी झाल्या.
त्यांच्यावर सात ओळींची टीप :
या यंत्राच्या नकाशावर भरवसा ठेवू नये,
कारण, तारीख, आणि माझी आद्याक्षरं,
म्हणजे पुढं कुणी शहाणा
'ही जागा उगाच का अडवलीय' म्हणून
साफसफाई करायला निघाला
तर थबकेल.

ही दुरुस्ती नव्हे, मला माहीत आहे.
चूक जिथल्या तिथं आहे.
दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी मुद्दाम
त्या रिकाम्या ठेवलेल्या जागेत डोकावले.
होता.
एक.
कुणी नसलेल्या खोलीत नेमानं आणून ठेवलेला.
का कोण जाणे, पुसवेना.

पट्टीत बावीस पोती होती.

उतरताना जिन्याखाली भिंतीवर पाण्याच्या रेघा दिसल्या,
प्रत्येकीशेजारी साल, भरमाण्णांच्या अक्षरात,
सर्वांत वरची माझ्या डोक्याच्याही वर.
लहानपणापासून पाहत आलेय,
वाचल्या मात्र आज.
खाली तळमजला झाडून ठेवलेला, रिकामा,
जुलैचे चार दिवस उरलेले.

"अगं, प्रिंटरबी बघून जा की,"
वरून हाक आली.