अध्याहृत कर्ता

सान्तोन्याच्या बंदरात ‘यो’ सहसा गळतो.
क्रियापदाच्या शेपटीवरूनच कळतं
कोण दमलंय, कोण निघालंय.
एर्मिनिया दिवसभर अँचोवीचे काटे काढते;
‘मी’ म्हणायला फुरसत कुणाला?

घरात तीन मुली, ती, आणि एउतिमियो.
तेवढ्या एका पुरुषापायी
सगळ्यांचं मिळून ‘नोसोत्रोस’.

मार्चात लाटांनी होडी आणून दिली, रिकामी.

धाकटी विसी वहीत बोट ठेवून म्हणाली,
आई, आता ‘नोसोत्रास’. शेवटी ‘आस’.
एर्मिनियानं सुरी पुसली.
व्याकरण बरोबरच होतं.

मग होडीच्या कर्जाचा कागद घेऊन
बँकेचा माणूस आला: फेडणार कोण?

‘यो,’ ती म्हणाली.
नुसतंच.
क्रियापद त्यानं समजून घ्यावं.