टिकाऊ

मागचा तलाव फाटला तो रविवारी दुपारी.
माडावरून एक नारळ पडला, बाकी काही नाही.
आठ हजार लिटर पाणी पाव्लूच्या मिरच्यांत गेलं
आणि तो कुंपणापलीकडून म्हणाला,
"काय कंडक्टर, सगळे एकदमच उतरले?"

मी त्याला तलाव म्हणतो, सुलक्षा टब म्हणते.
बिलावर स्विमिंग पूल असं लिहिलं होतं,
तेव्हा मलाच जरा लाजल्यासारखं झालं होतं.

गुडघा बदलून वर्ष झालं.
बांबोळीच्या डॉक्टरांनी टेबलावर दोन ठेवले होते,
एक देशी, एक परदेशी.
हा पंधरा वर्षं, हा वीस, म्हणाले.
मी मनात बेरीज केली. एकसष्ट अधिक पंधरा.
वडील एकाहत्तरला गेले होते.
देशी घेतला.
मग रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायला सांगितलं.
समुद्र मांद्र्याला कुणाच्याही घरापासून दहा मिनिटांवर आहे,
पण लाटेला डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येत नाही.

म्हणून म्हापसा.
हवा भरायचा नऊ हजारांत होता,
आमच्या नातवाने दोन हंगामांत दोन मारलेत तसला.
फायबरचा तीन लाख. त्याच्याकडे मी
लग्नात दुसऱ्याच्या सोन्याकडे पाहावं तसं पाहिलं
आणि पुढे सरकलो.
मधला, नळ्यांच्या सांगाड्याचा, अडतीस.
खिशात चाळीस.
"गॅरंटी?"
"एक वर्ष, अंकल. शिवणीला नाही. उन्हाला नाही."
"नारळाला?"
पोरगा हसला. छान पोरगा.
तीस वर्षं मीही लोकांना असाच सांगत आलो,
सामानाची जबाबदारी आमच्यावर नाही.

शेवटी शापोऱ्याच्या जेटीवर खुशालीकडे गेलो,
ट्रॉलरांच्या ताडपत्र्या शिवतो तो.
त्याने माझा फाटका तुकडा नखाने खरवडला,
दाताखाली धरला, थुंकला.
"कापड वाईट न्हय, पात्रांव. खालचो खडो वाईट."
आमची जमीन चिऱ्याची, हे मला कोणी
दुकानात विचारलंच नव्हतं.
जाड कापड, दुहेरी शिवण, वर डिंकाची पट्टी,
सोळा हजार. नळ्या पेडण्याहून, जस्त चढवलेल्या,
चौदा. पाडेलीला सहाशे,
आधी सगळे माड उतरवून घे, म्हणाला.

"टिकेल किती?"
"सात वर्सां. तुजो गुडघो?"
"चौदा उरलीत."
त्याने बोटांवर मोजलं.
"म्हणजे आनीक एकदां येतलो तूं."
सुईत दोरा ओवायला त्याला तीनदा लागलं.
"हांव नासतलों. माप चल्याक बरोवन दितां."
आणि भिंतीवर, खडूने,
कुठल्याशा होडीच्या मापाखाली
माझं नाव घातलं.

खड्यांवर काय अंथरायचं, तो प्रश्न राहिला.
वाळू महाग, आणि हल्ली विचारायचीही भीती.
पाव्लूने निवडणुकीचे फ्लेक्स आणून दिले, अकरा.
जिंकलेला खाली घातला, पडलेला वर,
मग सुलक्षा म्हणाली उलट करा,
मग दोघांनी ठरवलं की हात जोडलेले
सगळे एका दिशेला असले म्हणजे झालं.

विहिरीची मोटर नऊ तास चालली.
मी खुर्ची टाकून बसलो,
पाणी पहिल्या कडीला आलं तेव्हा चहा,
दुसऱ्या कडीला आलं तेव्हा दिवा लागला.
शिवणीवरून बोट फिरवत एक चक्कर मारली,
कोरडी.
आणखी एक मारली, उगीच.

साडेनऊला शिडी लावली
तर वरच्या पायरीवर एक बेडूक आधीच बसलेला.
सुलक्षा म्हणाली, काढा त्याला.
शेवटच्या गाडीतून मी कधी कुणाला उतरवलेलं नाही.
पँट वर घेतली, डावा पाय आधी,
देशी,
आणि सवयीने तोंडातून निघालं,
पुढे सरका, पुढे सगळं रिकामं आहे.