सगळ्यात खालचा उजेड

नव्या पेठेत एकोणीसशे सांगितले, सतराशेला दिली.
दुकानदार म्हणाला, किलोमीटरभर जाते.
मी म्हणालो, मला पाच फूट खाली बघायचंय,
रस्त्याच्या पोटात, चेंबरमधल्या व्हॉल्व्हपर्यंत.
मग काय, म्हणाला, तिथंपण जाईल.

हातात घेतली तर थंड. जड,
खलबत्त्यातल्या बत्त्याएवढी.
अंगावर बारीक खाचा, घामेजल्या तळव्यातून सुटत नाही.
चार्जिंगला मोबाईलचीच पिन चालते,
फक्त तिथलं रबरी झाकण नखानं उघडावं लागतं
आणि माझ्या बोटांना नखं कुठली,
सव्वीस वर्षं चावी फिरवतोय.

पहिल्या रात्री गच्चीवरून बंद मिलच्या चिमणीवर मारली.
वीट न् वीट दिसली.
पार वरती पिंपळाचं रोप फुटलेलं,
रोज त्या चिमणीखालून जातो, मला पत्ता नाही.
शेजारच्या गच्चीवरून नागनाथ ओरडला,
काय करलालास बे, विमान उतरवलालास का?

पाच प्रकारचा उजेड आहे.
सगळ्यात वरचा तीन मिनिटं टिकतो, मग आपोआप उतरतो,
तोवर मुंडकं तव्यासारखं तापलेलं.
एक नुसता लुकलुकतो, डोळ्यांत टाचण्या मारल्यासारखा,
तो कशासाठी दिलाय कळत नाही.
चुकून लागला तेव्हा अशोक चौकातली सगळी कुत्री
एकदम गप्प झाली,
आणि मग एकदम सुरू.

जुनीत दोन सेल होते. थाप मारली की लागायची,
थाप मारली की विझायची.
तिच्या पिवळ्या उजेडात व्हॉल्व्ह दिसायचा नाही, सापडायचा.
आता गंज दिसतो, आटे दिसतात, झुरळं,
कुण्या पोराची एक चप्पल.
साडेअकरा फेरे.
दिसतंय तरी मोजतोच.

पाचव्या दिवशी, रात्री दोनला, पाणी सोडलं.
आधी नळ खोकले.
गल्लीच्या तोंडाशी उभा राहून सहज बटण दाबलं
आणि गल्ली शेवटच्या भिंतीपर्यंत उघडी पडली.
घागरी, निळी पिंपं,
गाऊनवर टॉवेल टाकून उभ्या बाया, डोळ्यांवर हात,
आणि कट्ट्याखाली, गोणपाटाखाली,
नळाला थेट जोडलेली मोटर.

आवाज तर दरवेळी येतो.
पण रात्रपाळीचे माग चालू असतात, त्यांच्यात तो मुरतो,
कुणाच्या घरातला ते मला ठरवावं लागत नाही.

राजमणी येमूल.
वळलेल्या विड्यांचं सूप अजून उंबऱ्यातच.
आत तिचा नवरा, लकवा झाल्यापासून आतच.
ती बघत होती, पण माझ्याकडं नाही, उजेडाकडं.
उजेडामागचा माणूस दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं.
"कोण हाय?"

साहेबांनी सांगितलंय, मोटर दिसली की जप्त.
दिसली की.

बटण दाबून धरलं की सगळ्यात खालचा उजेड लागतो.
खोक्यावर त्याच्यापुढं चंद्राचं चित्र आहे.
त्यात माझे पाय दिसतात आणि ओला डांबरी रस्ता,
बाकी काही नाही.
"मी हाय, चावीवाला," म्हणालो,
आणि पुढच्या चेंबरकडं गेलो.
मागं मोटर थांबली.
जरा वेळानं परत सुरू झाली.

शेवटचं घर हणमंतू म्हेत्रेचं.
त्याच्या नळाला करंगळीएवढी धार.
पिंपात बॅटरी मारली तर तळ लख्ख दिसला,
वर चार बोटं पाणी.
"भारी हाय की," हणमंतू म्हणाला, "कितीला?"
सतराशे, म्हणालो,
आणि त्याची धार बघत नको इतका वेळ थांबलो.

घरी येऊन चार्जिंगला लावली.
लाल ठिपका.
खोक्यावर लिहिलंय तीन तास.
हिरवा व्हायला साडेचार लागतात.