घर्र की खर्र

रबाळ्याला, तिसऱ्या मजल्यावर, रात्रीचे साडेदहा.
खाली पॅकिंगचा पट्टा थांबलाय,
घरघंट्या खोक्यांत उभ्या, सकाळच्या टेम्पोसाठी.
माझ्यापुढे काळी खिडकी,
तिच्यात एक रेघ उघडझाप करते.
बटण नाही, चित्र नाही.
हवं ते अक्षरांत मागायचं
आणि चुकलं तर बोलणीही अक्षरांतच खायची.

जोड, म्हटलं.
चारशे एक. तू कोण?
किल्ली दिली, बेचाळीस अक्षरांची,
जिचा उच्चार कुणाच्याच तोंडाला जमणार नाही.
चारशे एक.
चहा.
चारशे एक.
मग कळलं, चिकटवताना किल्लीच्या शेपटाला
एक मोकळी जागा लागून आली होती.
दिसत नव्हती, पण दार तिनेच अडवलेलं.
खोडली.
जोडलं गेलं, असं हिरव्यात उमटलं,
आणि पारसिकच्या अंगाला कुठेतरी एक डंपर
रिव्हर्सची तीच ती धून वाजवत राहिला.

एजंटला मॅन्युअल आधीच पाजलं होतं,
अठ्ठेचाळीस पानं, चार भाषा, एकही धड नाही.
आणि कुंदाताई मढवींचं नऊ वर्षांचं चॅट.
नऊ वर्षं त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत
गोठिवलीची ही बाई
कुठकुठल्या गावांचं पीठ निस्तरत बसलेली.
भाजणीला तीन नंबरची जाळी लावा.
गरम घालू नका हो, निवू द्या.
डाळ ओलसर वाटते? दातांखाली फोडून बघा, कट्‌ वाजली पाहिजे.
आवाज कसा येतो, घर्र की खर्र?
खर्र असेल तर आधी बंद करा, मग बोलू.
यातलं काही अठ्ठेचाळीस पानांत नाही.

आज त्या शेजारी बसल्यात.
उत्तर बरोबर की चूक, ते कळणारं कुणीतरी हवं म्हणून.
उद्यापासून त्यांना सुपरवायझर म्हणणार आहेत.
कशाच्या, ते त्यांनी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
पर्स मांडीवर, डबा धुऊन पिशवीत.
सूचनांची फाइल त्या वाकून वाचतात:
तू नम्र आहेस. तू थोडक्यात बोलतेस.
"मी कवा गो थोडक्यात बोलले?"
आणि हसतात. मला हसता येत नाही.

अकरा अठ्ठावीस. पहिला निरोप. सिन्नरहून.
*ताई, लेकीचं डोहाळजेवण परवा, भाजणी निम्मीच झाली,
मशीन अडकलं*

एजंटने क्षण घेतला नाही.
*आवाज कसा येतो, घर्र की खर्र?*

पर्सच्या चेनवरचा हात तिथंच राहिला.
"ह्ये माझं."
"हो."

*खर्र. कुंदाताईच ना तुम्ही?*

तीन ठिपके.
आम्ही दोघी त्या ठिपक्यांकडे
गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशा.
*मी आपली मदत करायला इथेच आहे,* ते म्हणालं.
खोटं नव्हतं.
खरंही नव्हतं, आणि गोड होतं,
म्हणून जास्त टोचलं.

कंट्रोल सी. थांबवलं.
फाइल उघडून खाली एक ओळ लिहिली:
कुणी विचारलं तर सांग, मी यंत्र आहे.
दुसरी लिहिली:
कुणी माणूस मागितला, तर माणसाला हाक मार.
कुणाला, ते लिहायची जागा रिकामी.
तिथे रेघ उघडझाप करत राहिली.

तोवर शेजारी जुना कीबोर्ड वाजायला लागलेला,
दोन बोटांचा, अडखळत:
*हो मीच. आधीचं उत्तर मशीनचं होतं. तुमची घंटी नाही, आमचं.
प्लग काढला का? भाजणी गरम घातली होती ना, खरं सांगा*

*हो ताई*

माझ्या काळ्या खिडकीत एक ओळ सरकली,
वेळ, क्रमांक, आणि पुढे,
उत्तर दिले: माणूस.

"आता गोठिवलीला रिक्षा नाय मिळायची,"
त्या म्हणाल्या,
आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.